अब्दुल हलीम शरर : दरमहा कादंबरी लिहिणारा माणूस

मराठीतली ऐतिहासिक कादंबरी वाचताना मुसलमान वाचकाला एक अनुभव हमखास येतो. पानोपानी शौर्य असते, प्रेम असते, भाषा मोहात पाडते. आणि मग 'यवन' येतो. दाढी, सुरमा, जनानखाना आणि दगाबाजी एवढ्याच सामग्रीतून उभा केलेला माणूस. पुस्तक खाली ठेववत नाही आणि पुढे वाचवतही नाही. अशा वेळी वाटते, आपल्यापैकी कुणीतरी याला सडेतोड उत्तर देणारी कादंबरी लिहावी. ही इच्छा स्वाभाविक आहे, पण नवी नाही. लखनौच्या एका लेखकाला एकोणिसाव्या शतकात हाच सल लागला होता, आणि त्याने त्यासाठी जवळजवळ अख्खे आयुष्य खर्ची घातले. त्याचे नाव अब्दुल हलीम शरर (१८६०-१९२६). त्यांच्या कादंबऱ्यांइतकीच त्यांची लेखनाची नोकरी आपण समजून घ्यायला हवी. कारण त्या कादंबऱ्यांचे गुण आणि दोष दोन्ही तिच्यातून आले आहेत.

शरर यांचा जन्म लखनौचा, पण बालपणाचा मोठा काळ कलकत्त्याजवळच्या मटिया बुर्जमध्ये गेला. १८५६ मध्ये अवध खालसा झाल्यावर नवाब वाजिद अली शाह तिथे राहत होते आणि शरर यांचे वडील त्यांच्या पदरी नोकरीला होते. राज्य गेलेले, पण दरबाराचे रीतिरिवाज टिकवून धरलेले असे ते विचित्र जग होते. गतवैभवाचे वेड शरर यांना पुस्तकांतून लागले नाही. ते त्यांनी अंगणात खेळताना पाहिले. पुढे लखनौला परतल्यावर त्यांनी मुन्शी नवल किशोर यांच्या 'अवध अखबार'मध्ये काम केले. वर्तमानपत्राच्या कचेरीत लेखणी चालती झाली. 'दिलचस्प' ही पहिली कादंबरी आली, बंकिमचंद्रांच्या 'दुर्गेशनंदिनी'चा इंग्रजीवरून उर्दू तर्जुमा झाला, आणि १८८७ मध्ये त्यांनी स्वतःचे मासिक काढले : 'दिलगुदाज', म्हणजे मन विरघळवणारे.

याच सुमारास त्यांनी सर वॉल्टर स्कॉटची 'टॅलिस्मन' (१८२५) वाचली. स्कॉटने सलाहुद्दीन अय्युबींना उदार आणि शूर रंगवले आहे, हे मान्य करायला हवे. परंतु त्यांच्या दीनाबद्दल लिहिताना त्याची लेखणी तुच्छतेने चालते. शरर संतापले. १८८८ मध्ये 'दिलगुदाज'मधून 'मलिकुल अजीज वर्जिना'चे हप्ते सुरू झाले. उर्दूतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून तिचा उल्लेख केला जातो. सलाहुद्दीन यांचा मुलगा अजीज नायक, आणि ख्रिस्ती छावणीतली वर्जिना नायिका. वाचकांनी ती डोक्यावर घेतली. पराभवाच्या छायेत वाढलेल्या एका पिढीला आपले पूर्वज प्रथमच विजयी, सभ्य आणि देखणे दिसले. हे काम लहान नव्हते.

पण इथेच साचा पडला. १८८९ मध्ये 'हसन अँजेलिना', १८९० मध्ये 'मन्सूर मोहना', पुढे मुस्लिम स्पेनच्या पार्श्वभूमीवरची 'फ्लोरा फ्लोरिंडा'. नावांची जोडी बदलते, देश बदलतो, शतक बदलते. मुसलमान तरुण आणि परधर्मीय सुंदरी यांची कथा मात्र तीच राहते. नायकाला दोष नसतो आणि प्रतिपक्षाला गुण नसतात. स्कॉटने जे केले तेच उलट्या बाजूने. किंबहुना स्कॉटने शत्रूला जेवढे मोठेपण दिले, तेवढे द्यायला शरर कचरतात.

याचे कारण केवळ त्यांच्या विचारात शोधून भागणार नाही. ते त्यांच्या टेबलावरही सापडते. मासिक दरमहा निघायला हवे, संपादक तेच, लेखकही बहुतांशी तेच. हप्ता उत्कंठेवर थांबायला हवा, म्हणजे वर्गणीदार पुढच्या अंकाची वाट पाहील. गेल्या वेळी जे आवडले ते पुन्हा मागितले जाते. पात्र मनात मुरायला जो वेळ लागतो तो छापखाना देत नाही. आपल्या हरिभाऊ आपट्यांचे उदाहरण समोर ठेवले म्हणजे हे लक्षात येईल. हरिभाऊही 'करमणूक'साठी हप्त्याहप्त्याने लिहीत, त्यांच्याही काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या. पण पुण्याच्या आनंदाश्रमाच्या व्यवस्थापनाचा त्यांना स्थिर आधार होता. शरर यांना तसा आधार नव्हता. 'दिलगुदाज' कितीदा बंद पडले आणि कितीदा पुन्हा निघाले. मध्ये हैदराबादला वकार-उल-उमरांच्या पदरी चाकरी करावी लागली, त्यांच्या मुलाबरोबर इंग्लंडला जावे लागले. तिथे ते फ्रेंच शिकले, पण घरचे मासिक तोवर बंदच होते.

या धावपळीतच १८९९ ची 'फिरदौस-ए-बरीं' आली. तीच त्यांची सर्वश्रेष्ठ कादंबरी, असे बहुतेक जाणकार मानतात. हुसेन आणि जमुर्रद हे प्रेमी हजला निघतात. वाटेत डोंगरातल्या एका खोऱ्यात जमुर्रद नाहीशी होते आणि हुसेनला तिची कबर दिसते. मग स्वर्गातून तिचे पत्र येते. तिला भेटायचे तर शेख अली वुजूदीची आज्ञा पाळायला हवी, आणि ती आज्ञा म्हणजे स्वतःच्या आलिम चुलत्याची हत्या. हुसेन ती करतो. इथे प्रथमच शरर यांच्या नायकाचे हात रक्ताने माखतात, आणि शत्रू परका नसून स्वतःच्याच भोळ्या श्रद्धेत बसलेला असतो. भाबड्या माणसाला कसे पटवतात, त्याच्या शंका कशा मारतात, याचे जे चित्रण इथे आहे ते आजही अंगावर काटा आणते. साचा मोडला तेव्हा कादंबरी जिवंत झाली.

आणि तरीही याच कादंबरीत त्यांच्या मार्गातला सर्वांत मोठा खड्डा आहे. तरुणांना फसवणारी ती नकली स्वर्गाची बाग निजारी इस्माईलींची म्हणून दाखवली आहे. ही गोष्ट जगभर पोहोचली ती मुख्यतः मार्को पोलोच्या प्रवासवर्णनामुळे. १२५६ मध्ये अलमूत पडल्यावर तो किल्ला प्रत्यक्ष पाहणारा इतिहासकार जुवैनी इस्माईलींचा कडवा विरोधक होता, पण अशा बागेचा उल्लेख तोही करत नाही. फरहाद दफ्तरी यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात या दंतकथेचा उगम आणि प्रवास तपशीलवार उलगडला आहे. म्हणजे युरोपने मुसलमानांवर केलेल्या अन्यायाला उत्तर देण्यासाठी ज्यांनी लेखणी उचलली, त्यांनीच युरोपने लोकप्रिय केलेली एक कथा आपल्यातल्याच एका जमातीच्या माथी मारली. 'यवन' या शब्दाने जसे आपण दुखावतो, तसे इथे इस्माईली वाचकाने दुखावायचे काय? त्यांच्या बाजूने हा प्रश्न आपणच विचारायला हवा. शरर यांच्यापुढे आजचे संशोधन नव्हते, हे खरे. पण परक्याच्या चष्म्याला विरोध करणाऱ्याच्या नाकावर तोच चष्मा नकळत कसा बसतो, याचा हा धडा आहे.

शरर भित्रे मात्र नव्हते. हजरत सकीना बिन्त हुसेन यांच्याविषयी त्यांनी लिहिले तेव्हा हैदराबादेत गदारोळ उठला. पडद्याच्या प्रथेविरुद्ध त्यांनी 'परदा-ए-इस्मत' हे नियतकालिक काढले. आपल्या माणसांचा रोष पत्करण्याची त्यांची तयारी होती. फक्त ती त्यांच्या कादंबरीच्या नायकांपर्यंत क्वचितच पोहोचली.

१९१३ पासून 'दिलगुदाज'मध्ये त्यांनी आणखी एक लेखमाला चालवली. 'गुजिश्ता लखनौ' या नावाने ती ओळखली जाते. कबुतरबाजी, पतंग, पुलाव, पानदान, टोप्या, मजलिसा, बोलण्यातला अदब, यांची ती नोंद. इथे कुणाला उत्तर द्यायचे नाही, कुणाला हरवायचे नाही. मटिया बुर्जच्या मुलाने जे पाहिले-ऐकले, ते एक जाणता पत्रकार सांगतो आहे. १९७५ मध्ये तिचा इंग्रजी अनुवाद झाला, आणि आज लखनौवर लिहिणाऱ्या कुणालाही ती टाळता येत नाही. वर्जिना आणि अँजेलिना मात्र वाङ्मयेतिहासाच्या पुस्तकांपुरत्या उरल्या.

उत्तरादाखल लिहिलेली कादंबरी गरजेची असते, तिने एका पिढीला ताठ उभे केले, याबद्दल शरर यांचे ऋण मानलेच पाहिजे. पण उत्तराची भाषा प्रश्न विचारणारा ठरवतो. आपल्याकडच्या कोकणातल्या खलाशाचे घर, मराठवाड्यातला मोहल्ला, मालेगावचा माग, कोल्हापूरचा पीर यांचा इतिहास लिहायला घेणाऱ्याने शरर यांची दोन्ही पुस्तके शेजारी ठेवावीत : 'मलिकुल अजीज वर्जिना' आणि 'गुजिश्ता लखनौ'. पहिले संतापाने लिहिले आहे, दुसरे ओळखीने. लोकांनी कोणते जपले, ते आपल्यासमोर आहे.