‘पवित्र’ प्रणाली आणि धडगावची पहिली इयत्ता

उमेदवारांची छाननी यंत्राकडे सोपविण्याची कल्पना आता नवी राहिलेली नाही. महाराष्ट्रात तिचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे शिक्षकभरतीसाठी 2017 साली शासनाने स्वीकारलेली ‘पवित्र’ ही संगणकप्रणाली होय. ‘पोर्टल फॉर व्हिजिबल टू ऑल टीचर रिक्रूटमेंट’ या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून हे नाव जुळविलेले आहे. एक संस्कृत विशेषण साधावे म्हणून इंग्रजी व्याकरणाचा बळी दिला गेला, हे वाचकांच्या ध्यानी येईलच. परंतु नावामागील हेतूची थट्टा करणे अन्यायाचे होईल. खासगी संस्थांतील नेमणुकांत ओळख आणि पैसा यांचे वजन किती असे, हे या राज्यात कोणास सांगावयास नको. ज्याच्या घराण्यात कोणी संस्थाचालकाचा उंबरा ओलांडलेला नाही, अशा सातपुड्यातील पदविकाधारकाचे नाव गुणानुक्रमे यादीत लागू शकते, हा लाभ लहान नव्हे.

प्रश्न आहे तो यंत्र काय मोजते याचा. अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी 200 गुणांची. त्यांपैकी 120 अभियोग्यतेचे, 80 बुद्धिमत्तेचे. हे गुण, आरक्षण, विषय, माध्यम आणि उमेदवाराचा पसंतीक्रम यांच्या जुळणीतून निवड होते. आता अक्राणी तालुक्यातील, म्हणजे धडगावच्या परिसरातील, एखाद्या पाड्यावरची पहिली इयत्ता डोळ्यांपुढे आणावी. मूल घरून पावरी किंवा भिलोरी घेऊन येते. शाळेचे माध्यम मराठी. मराठीतून शिकविणाऱ्याला पहिले काही महिने त्या मुलाच्या बोलीचाच आधार घ्यावा लागतो. 200 गुणांत त्या बोलीला मात्र एकही गुण नाही. शिक्षण शक्य तितके मातृभाषेतून असावे असे 2009 च्या शिक्षणहक्क अधिनियमाचे कलम 29 सांगते. कायद्याची ही अपेक्षा निवडयंत्रापर्यंत पोहोचलेलीच नाही.

यावर असे उत्तर दिले जाते की, अनुसूचित क्षेत्रातील शिक्षकांची पदे 2014 च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने स्थानिक जमातींच्या उमेदवारांसाठी राखली, तेव्हा बोलीचा प्रश्न आपोआप सुटला. आमच्या मते हे उत्तर अपुरे आहे. नवापूरचा मावची बोलणारा तरुण नंदुरबार जिल्ह्यापुरता स्थानिकच. तथापि धडगावच्या पावरी मुलापुढे तो जवळजवळ परकाच ठरतो. जात-दाखल्याच्या रकान्यात दोघे एक, वर्गात नव्हे. शिवाय आंध्रातील अनुसूचित क्षेत्रांत शिक्षकांच्या शंभर टक्के जागा राखणारा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली अवैध ठरविला, आणि आदिवासींना आदिवासींनीच शिकवावे ही कल्पना नाकारली. जन्म आणि बोलीज्ञान या भिन्न गोष्टी आहेत. दुसरी परीक्षेने पडताळता येते, आणि ती कोणासही शिकता येते.

यंत्र निःपक्षपाती असते ही समजूतही तपासून घ्यावी. लंडनच्या सेंट जॉर्ज वैद्यकीय विद्यालयात अर्जांच्या छाननीसाठी एक संगणक-आज्ञावली 1970 नंतरच्या दशकात रचण्यात आली. जुन्या निवडकर्त्यांच्या निर्णयांशी ती उत्तम जुळत असे. म्हणूनच तिने त्यांचा पूर्वग्रहही उचलला. स्त्रिया आणि युरोपीय नसलेली नावे यांचे गुण ती कमी करी, असे 1988 च्या चौकशीत प्रसिद्ध झाले. ‘पवित्र’चा दोष या जातीचा नाही. ती कोणाचा द्वेष करीत नाही. जे विचारलेच नाही ते तिला ठाऊक नसते, इतकेच. परंतु उपेक्षेचे फळ मुलाला सारखेच भोगावे लागते.

जिल्हा परिषदेच्या पदांसाठी ही प्रणाली उमेदवाराला जिल्ह्यापर्यंत आणून सोडते. चांदसैली घाट चढून कोणी कोणत्या शाळेत जावे, हे पुढे समुपदेशनात ठरते. बोलीची तोंडी परीक्षा घालावयाची ती येथेच घालावी. ती घेणारे दोन, त्यांपैकी एक त्या तालुक्यातील बोलीभाषक असावा. प्रश्न आधी ठरलेले आणि उत्तरे ध्वनिमुद्रित असावीत. तोंडी परीक्षा म्हणजे वशिल्याला पुन्हा दार उघडणे, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. म्हणून या परीक्षेने निवड बदलू नये, केवळ शाळा ठरवावी. ज्याला पावरी येते त्याला अक्राणीतील पहिली-दुसरीचा वर्ग आधी मिळावा, आणि ज्याला येत नाही त्याला रुजू होण्यापूर्वी ती शिकण्यास काही आठवडे द्यावेत.