‘स्वस्त’ पारदर्शक वाहकांचे मूल्यमापन : एक आक्षेप

पारदर्शक विद्युत्‌वाहकांवरील शोधनिबंधांची प्रस्तावना आता ठरूनच गेलेली आहे. इंडियम दुर्मिळ व महाग. सबब आमचा नवा थर स्वस्त. या युक्तिवादाचे पहिले पाऊलच तपासून पाहण्याजोगे आहे. इंडियम व कथील यांच्या संयुक्त ऑक्साइडचा १५० नॅनोमीटर जाडीचा थर एक चौरस मीटर काचेवर दिला, तर त्यात इंडियम भरते जेमतेम पाऊण ग्रॅम. खर्चात मोठी भर पडते ती निर्वात यंत्रसामग्रीची, आणि काचेऐवजी यंत्राच्या भिंतींवर बसणाऱ्या मालाची. इंडियमच्या किमतीची तक्रार करून पुढच्याच परिच्छेदात चांदीच्या सूक्ष्म तारा सुचविल्या जातात, हे तर गमतीचेच.

याहून गंभीर प्रश्न मोजमापाचा आहे. हाके यांनी १९७६ मध्ये सुचविलेला गुणवत्तांक, म्हणजे पारगम्यतेच्या दहाव्या घातास पृष्ठरोधाने भागून येणारी संख्या, आज सर्रास वापरला जातो. हा दहाचा घात निसर्गदत्त नव्हे. घात एक घेतला, तर अवघा ३७ टक्के प्रकाश सोडणारा थर सर्वोत्तम ठरतो. दहा घेतला, की तो ९० टक्क्यांवर येतो. निवड समंजस होती. मात्र तिच्यामागे एक गृहीत आहे : थर सलग असून जाडीबरोबर त्यातील प्रकाश घटत जातो.

धातूच्या जाळीला हे गृहीत लागूच पडत नाही. तेथे प्रकाश छिद्रांतून जातो. तारांची उंची दुप्पट करा. रोध निम्मा होईल, सरळ पडणाऱ्या प्रकाशाची पारगम्यता तीच राहील, आणि गुणवत्तांक दुपटीने वधारेल. परंतु छिद्रांत वाहकता शून्यच! स्पर्शपटलाचे काम यात भागू शकते. सौरघटात मात्र छिद्राच्या मध्याशी जन्मलेला विद्युत्‌भार तारेपर्यंत पोहोचावा कसा? शिवाय उंच तारांवर पुढील पातळ थर नीट बसत नाही व घटात लघुपथन होते.

बंगळूर येथे जी. यू. कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळताना तडकणाऱ्या लेपाच्या भेगांचाच साचा करून अशी जाळी घडविली. कल्पना सुंदर आहे, साचाही खरोखर स्वस्त आहे. पण तिचे मोल हाके यांच्या अंकाने सांगणे तिच्यावरही अन्याय करणारे आहे.

फ्लुओरिनयुक्त कथील ऑक्साइड निर्वाताविना, तप्त काचेवर फवारून मिळते. ते फवारण्यास सामान्यतः ४०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते, म्हणून प्लॅस्टिकला ते चालत नाही, काचेला चालते. तेव्हा काचेवरील नव्या थराने आपली तुलना इंडियमशी नव्हे, याच्याशी करावी, आणि जाळी असेल तर तारांची उंची व त्यांमधील अंतर कोष्टकातच द्यावे.