नाताळच्या मेजावर मोडलेल्या दोन श्रद्धा

माणसाची धर्मश्रद्धा कशी हरपते, याची चर्चा निघाली की आपल्याकडे ठरलेली काही कारणे पुढे केली जातात. कुणी कॉलेजातल्या शिक्षणाला दोष देतो, कुणी शहरातल्या मोकळिकीला, कुणी वाईट संगतीला. जेम्स जॉइस या आयरिश कादंबरीकाराने दिलेले उत्तर यांपैकी कशातच बसत नाही. 'अ पोर्ट्रेट ऑफ दी आर्टिस्ट अ‍ॅज अ यंग मॅन' ही त्याची कादंबरी १९१६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तिच्यातील श्रद्धेला पहिला तडा जातो तो एका कॅथलिक कुटुंबाच्या जेवणाच्या मेजावर, तोही नाताळच्या दिवशी. वाद देवाविषयी नसतो. एका राजकीय पुढाऱ्याविषयी असतो. सेमिनरीत असताना 'धर्म सोडून गेलेल्या तरुणाची कादंबरी' एवढीच या पुस्तकाची ओळख आमच्या कानांवर आली होती. ती ओळख खोटी नाही, पण अपुरी आहे. कारण तो तरुण एकाच वेळी दोन गोष्टींना मुकतो आणि त्या दोन्ही एकाच धाग्याने शिवलेल्या होत्या.

तो पुढारी म्हणजे चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल. त्याची हकिकत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १८४६ साली जन्मलेला हा गृहस्थ प्रॉटेस्टंट जमीनदार घराण्यातला. पण १८७९ मध्ये मायकेल डेव्हिटने भूमी संघ स्थापन केला तेव्हा त्याचे अध्यक्षपद पार्नेलकडे आले आणि आयर्लंडचा गरीब कॅथलिक शेतकरी त्याला आपला राजा मानू लागला. १८८१ मध्ये त्याला तुरुंगवास घडला. १८८७ मध्ये 'टाइम्स' या लंडनच्या वृत्तपत्राने त्याला खुनांशी जोडू पाहणारी पत्रे छापली; ती पत्रे रिचर्ड पिगॉट नावाच्या इसमाने बनावट केल्याचे १८८९ मध्ये उघड झाले आणि पार्नेलची कीर्ती शिगेला पोहोचली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कॅप्टन ओशे याने पत्नी कॅथरिन हिच्यापासून घटस्फोट मिळावा म्हणून दावा लावला आणि त्यात पार्नेलचे नाव गोवले. ते संबंध खरे होते आणि कित्येक वर्षांचे होते. १७ नोव्हेंबर १८९० रोजी निकाल लागला. लिबरल पक्षाचे नेते ग्लॅडस्टन यांनी, पार्नेल राहिला तर आपले नेतृत्व निरर्थक ठरेल, असे कळविले. त्यानंतर ३ डिसेंबरला आयरिश बिशपांच्या स्थायी समितीने पार्नेल नेतृत्वास अपात्र असल्याचे जाहीर केले. तीनच दिवसांनी संसदेच्या समितीकक्ष क्र. १५ मध्ये त्याचा पक्ष दुभंगला. ६ ऑक्टोबर १८९१ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, तो इंग्लंडमधील होव्ह येथे मरण पावला. त्या वेळी नऊ वर्षांच्या असलेल्या जॉइसने पार्नेलचा सहकारी टिम हीली याला विश्वासघातकी ठरविणारी एक कविता लिहिली आणि वडिलांनी ती छापून घेतली. तिची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

कादंबरीतील नाताळ हा या मृत्यूनंतरचा पहिला नाताळ आहे. लहानगा स्टीफन डीडलस येशूसंघीयांच्या क्लाँगोज वुड येथील निवासी शाळेतून सुटीवर घरी आला आहे. मोठ्यांच्या पंगतीला बसण्याची त्याची ही पहिलीच वेळ. मेजाभोवती वडील सायमन, आई, चार्ल्सकाका, वडिलांचे स्नेही मिस्टर केसी आणि मिसेस रायर्डन ऊर्फ 'डांटी' अशी मंडळी आहेत. केसी तुरुंग भोगून आलेले आहेत. राणी व्हिक्टोरियासाठी वाढदिवसाची भेट तयार करताना आपली तीन बोटे आखडली, असे ते मुलाला गमतीने सांगतात. टर्की वाढली जाते, आणि धर्मगुरूंनी वेदीवरून राजकारण बोलावे काय, या प्रश्नावर ठिणगी पडते. डांटीच्या मते बिशप बोलले की विषय संपला. सायमन डब्लिनच्या आर्चबिशपांच्या ओठावरून त्यांची टवाळी करतो. केसी आयरिश बिशपांनी देशभक्तांना वेळोवेळी कसे वाऱ्यावर सोडले याचा पाढा वाचतात आणि अखेरीस, आयर्लंडात देव जरा अतीच झाला, आता तो नकोच, असे ओरडतात. डांटी खुर्ची लोटून उठते, शत्रूला चिरडल्याचा विजयघोष करते आणि दार आपटून निघून जाते. केसी आपल्या मेलेल्या राजासाठी हुंदके देतात. भेदरलेला मुलगा मान वर करून पाहतो, तर वडिलांचे डोळे पाण्याने भरलेले असतात.

या प्रसंगाचे सामर्थ्य कशात आहे? अनेक अभ्यासक त्यात धर्म आणि राष्ट्र यांचा संघर्ष पाहतात. मला ते पुरेसे वाटत नाही, कारण जॉइसने दोन्ही पक्ष एकाच घडणीचे दाखविले आहेत. डांटीजवळ दोन ब्रश होते: किरमिजी मखमलीच्या पाठीचा डेव्हिटच्या नावाचा, हिरव्या मखमलीच्या पाठीचा पार्नेलच्या नावाचा. बिशपांचा शब्द येताच तिने कात्रीने हिरवी मखमल उसवून काढली आणि पार्नेल वाईट माणूस असल्याचे स्टीफनला सांगून टाकले. (इतिहासातही याला जोड सापडते. पार्नेलचे मोठे पाठीराखे असलेले कॅशेलचे आर्चबिशप क्रोक यांनी आपल्या दालनातील त्याचा अर्धपुतळा असाच बाहेर फेकून दिला.) डांटी देशद्रोही नाही. इंग्लंडच्या राणीचे गीत वाजताना टोपी काढणाऱ्या एका गृहस्थाच्या डोक्यात तिने एकदा छत्री घातली होती. तिकडे केसी आणि सायमन हे काही नास्तिक नव्हेत. आपणही कॅथलिकच आहोत असे ते तावातावाने बजावतात. डांटी बिशपांविषयी ज्या भाषेत बोलते, त्याच भाषेत केसी पार्नेलविषयी बोलतात. एकीला देवाच्या नावाने शत्रू चिरडायचा आहे, दुसऱ्याला शत्रूच्या हातून देवच काढून घ्यायचा आहे. मधे बसलेल्या मुलाने दोघांवरही प्रेम केले आहे. त्याला केसींजवळ बसायला आवडते. पण डांटीचेच खरे असणार, असेही वाटते. श्रद्धा म्हणजे ज्यांच्या मांडीवर आपण वाढलो त्यांच्या आवाजावरचा विश्वास, एवढेच त्या वयात असते. दोन्ही आवाज एकमेकांवर आदळले आणि मुलाच्या हाती कुठलाच उरला नाही.

यातील बारकावा असा की ज्या पुढाऱ्यासाठी हे सारे चालले आहे तो प्रॉटेस्टंट. शेजारच्या आयलीनबरोबर खेळू नकोस, ती प्रॉटेस्टंट आहे, असे डांटीने स्टीफनला बजावलेले असते. म्हणजे खेळगडी म्हणून जो चालत नाही, तो राजा म्हणून चालतो, आणि मग एका सकाळी तोही चालेनासा होतो. लहान मुलाने यातून कोणता धडा घ्यावा?

पहिल्या प्रकरणाच्या उत्तरार्धात शाळेतील फादर डोलन स्टीफनला अन्यायाने छड्या मारतात. चष्मा फुटल्यामुळे लिहिता येत नाही, हे त्यांना खोटे वाटते. मुलगा धीर करून रेक्टर फादर कॉन्मी यांच्याकडे जातो आणि त्याला न्याय मिळतो. वाचकाला वाटते, झाले, गाडी रुळावर आली. परंतु दुसऱ्या प्रकरणात वडील घरी सहज सांगतात की रेक्टर भेटले होते. त्यांनी ती गोष्ट जेवताना सर्वांना सांगितली आणि फादर डोलनसह सगळे पोट धरधरून हसले. पुन्हा जेवणाचेच मेज! स्टीफनच्या मनात काय झाले याविषयी जॉइस एक अक्षरही लिहीत नाही. माझ्या मते त्या नाताळच्या आरडाओरड्यापेक्षा हे हसू अधिक खोल जाते. आम्हा धर्मगुरूंच्या जेवणघरांत असे कितीतरी किस्से रंगतात.

पुढे तिसऱ्या प्रकरणात तपसाधना येते. ती संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणानिमित्त आहे. त्यांचा सण ३ डिसेंबरला येतो. बिशपांच्या निवेदनाची तारीखही तीच होती. जॉइसच्या मनात हा योग होता की नाही, हा मुद्दा मी बाजूला ठेवतो. जुन्या गोव्यातील बॉम जेझू महामंदिरात ज्यांचे शरीर आहे, ज्यांच्या नोव्हेनाला आपली माणसे दरवर्षी जातात, त्या संताचे नाव डब्लिनच्या या शाळेत रेक्टर घेतात. ते नाव घेतले जाते आणि मागे पडते. उरतो तो नरक. फादर अर्नाल मृत्यू, न्याय, नरक आणि स्वर्ग या चार अंतिम गोष्टींवर बोलणार असतात. मृत्यू आणि न्याय उरकतात, नरकाला दोन प्रदीर्घ प्रवचने मिळतात आणि स्वर्गावरचे प्रवचन कादंबरीत येतच नाही. संत इग्नाती यांच्या आध्यात्मिक साधनेत पाप आणि नरक यांचे चिंतन पहिल्या आठवड्यापुरते असते. त्यापुढचे तीन आठवडे ख्रिस्ताचे जीवन, दुःखसहन आणि पुनरुत्थान यांचे असून शेवटी देवाच्या प्रेमाचे मनन येते. स्टीफनला मिळाला तो केवळ पहिला आठवडा. म्हणूनच त्याचे पापनिवेदन कितीही कळवळ्याचे असले तरी त्यानंतरची त्याची भक्ती हिशेबाच्या वहीसारखी होते. 'मी सेवा करणार नाही' हे ल्युसिफरचे शब्द त्याने प्रथम ऐकले ते याच प्रवचनात, आणि पुढे धर्म नाकारताना त्याच्या तोंडी येतात ते हेच. बंडाची भाषासुद्धा त्याला आमच्याच व्यासपीठावरून मिळाली.

पार्नेल मात्र त्याच्या मनातून जात नाही. विद्यापीठात डॅविन हा साधा, देशप्रेमी मित्र त्याला चळवळीत ओढू पाहतो तेव्हा स्टीफन त्याला सुनावतो की टोनपासून पार्नेलपर्यंत ज्या कुणी सचोटीच्या माणसाने तुमच्यासाठी आयुष्य वेचले, त्याला तुम्ही विकले किंवा सोडून दिले. धर्म सोडण्याचे कारण विचारले असता तो तर्क मांडतो; देश सोडण्याचे कारण देताना मात्र त्याच्या आवाजात तो जुना नाताळ ऐकू येतो. एका पुढाऱ्याच्या पाठीशी लोक उभे राहिले नाहीत, याचा अर्थ त्याने असा लावला की लोकांबरोबर उभे राहण्यातच अर्थ नाही. मग ख्रिस्तसभा, जी लोकांचीच बनलेली आहे, तीही आपोआप गेली. 'डब्लिनर्स' या १९१४ च्या कथासंग्रहात पार्नेलच्या स्मृतिदिनावर एक कथा आहे. तीत निवडणुकीची भाडोत्री माणसे कोटाला आयव्हीचे पान लावून शेकोटीपाशी बाटलीची वाट पाहत बसतात. श्रद्धा गेल्यावर माणसे काय करतात, याचे याहून कोरडे चित्र मी पाहिलेले नाही.

आता या लेखकाशी माझे थोडे भांडण आहे. बिशपांचा निर्णय नैतिकदृष्ट्या चुकीचा होता, असे मी म्हणणार नाही. १८८६ मध्ये पार्नेलने स्वपक्षीयांचा विरोध मोडून त्याच कॅप्टन ओशेला गॉलवेची उमेदवारी दिली होती. खासगी गोष्ट खासगीच राहिली होती असा युक्तिवाद त्यानंतर कसा टिकावा? पुढाऱ्यावरचा ज्यांचा विश्वास उडाला त्यांच्याकडे कारण होते. बिशपांवरचा आक्षेप वेगळा आहे आणि तो सायमनने अचूक पकडला आहे. निकालानंतर दोन आठवडे ते सामुदायिकपणे काही बोलले नाहीत, आणि बोलले ते ग्लॅडस्टनचे पत्र वृत्तपत्रांत आल्यावर. पक्षानेच आपला निर्णय घ्यावा, असे डब्लिनचे आर्चबिशप वॉल्श यांना वाटत असावे. तो सावधपणा समजण्याजोगा आहे. पण इंग्रजांचा इशारा आल्यावर यांना दहा आज्ञा आठवल्या, असे गावोगावच्या माणसाला दिसले. सत्यसुद्धा उशिरा आणि दुसऱ्याच्या मागून आले तर ते राजकारण ठरते. निवडणुकांच्या दिवसांत वेदीपाशी उभे राहणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असायला हवे.

जॉइसने मात्र हे मान्य करणारा, पार्नेलचा दोषही पाहणारा आणि त्याच्यासाठी रडणाराही, असा एकही माणूस त्या मेजावर बसविलेला नाही. असा माणूस आयर्लंडात नव्हता काय? जवळपास पोहोचते ती स्टीफनची आई. निदान आजच्या एका दिवशी तरी हा विषय नको, अशी विनवणी ती करते. तिचे कुणी ऐकत नाही, आणि कादंबरीकारही तिला फारशी वाक्ये देत नाही. पाचव्या प्रकरणात ती पुन्हा समोर येते. पास्कासणाची मिस्सा आणि ख्रिस्तशरीर मुलाने स्वीकारावे एवढीच तिची इच्छा असते आणि स्टीफन नकार देतो. क्रॅन्ली हा मित्र त्याला छेडतो: आईला एवढे दुःख कशाला देतोस? ती भाकर खरोखरच ख्रिस्ताचे शरीर असेल, अशी भीती तुला वाटते काय? स्टीफन टोलवाटोलवी करीत नाही. तसे वाटते, आणि त्याची भीतीही वाटते, असे तो कबूल करतो. ज्याच्यावरचा विश्वास संपूर्ण गेला आहे, त्याला कुणी भीत नाही. पार्नेलच्या जागी दुसरा कुणी त्याने बसविला नाही. ख्रिस्ताची जागाही रिकामी झालेली नाही. ती झाकून ठेवली आहे एवढेच.

शेवटी स्टीफन देश सोडून निघतो. आई त्याचे जुनेच पण त्याच्यासाठी नवे घेतलेले कपडे नीट लावून ठेवीत असते. घरापासून दूर, स्वतःच्या जगण्यातून, हृदय म्हणजे काय आणि त्याला काय वाटते हे याला कळो, अशी प्रार्थना ती करते. हे स्टीफन स्वतःच दैनंदिनीत टिपून ठेवतो. काही टीकाकार पुढच्या शब्दाला उपरोध मानतात. मला तसे वाटत नाही. आईची प्रार्थना लिहून झाल्यावर, पास्कासणाला वेदीपाशी गुडघे टेकायला नकार देणारा तो मुलगा त्याच ओळीत लिहितो, 'आमेन'.