ब्रूजचे पाणी आणि एका विधुराची कथा

ब्रूज हे गाव मी प्रथम पाहिले ते एका कादंबरीत. आणि ते कादंबरीतच राहिले असते तर बरे झाले असते, असे तेथे पोचल्यावर पहिला अर्धा तास मला वाटत होते. माझी मुलगी बेल्जियममध्ये गेंट येथे असते. तेथून आगगाडीने ब्रूज अर्ध्या तासाच्या आत येते. ऑक्टोबरचे शेवटचे दिवस होते, आभाळ उतरून आले होते, आणि कोटाच्या खिशात जॉर्ज रोदेनबाखच्या ‘ब्रूज-ला-मॉर्त’चे इंग्रजी भाषांतर होते. ‘मृत ब्रूज’ असा त्या नावाचा अर्थ. पण चौकात पाऊल टाकतो तो काय! चॉकलेटांची दुकाने, घोडागाड्या, आणि कालव्यावर नावेत बसण्यासाठी माणसांची ही रांग. इतके जिवंत गाव मी त्या प्रवासात दुसरे पाहिले नाही.

वाचकांपैकी बहुतेकांच्या हाती हे पुस्तक आले नसेल, म्हणून कथा थोडक्यात सांगतो. ती १८९२ साली प्रथम पॅरिसच्या ‘ल फिगारो’ या दैनिकातून आली आणि त्याच वर्षी पुस्तकरूपाने निघाली. यूग व्हियान नावाचा चाळिशीचा गृहस्थ पत्नीच्या मृत्यूनंतर ब्रूजला येऊन राहतो; का, तर त्याच्या दुःखाला शोभेल असे दुसरे गाव त्याला ठाऊक नाही. घरात पत्नीची प्रत्येक वस्तू त्याने जागच्या जागी ठेवली आहे, आणि तिची सोनेरी वेणी काचेच्या पेटीत जपली आहे. रोज संध्याकाळी तो कालव्यांच्या काठाने भटकतो. अशाच एका संध्याकाळी त्याला पत्नीसारखीच हुबेहूब दिसणारी एक स्त्री भेटते. जेन स्कॉट तिचे नाव, नाटकमंडळीतली नर्तकी. तो तिच्या मागे लागतो, तिला घर घेऊन देतो. पण जेन ती जेनच. शेवटी, पवित्र रक्ताची मिरवणूक रस्त्यावरून जात असताना, ती हसत हसत ती वेणी पेटीतून काढते आणि गळ्याभोवती गुंडाळते. आणि त्याच वेणीने यूग तिचा गळा आवळतो.

एवढ्यावरून कोणी म्हणेल की, ही तर एक भडक गोष्ट झाली. कथानक भडक आहे, हे मलाही मान्य आहे. पण पुस्तक वाचून झाल्यावर मनात राहते ते कथानक नव्हे. राहते ते पाणी. करडे आकाश, त्याखाली करडे पाणी, त्यात घरांच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या त्रिकोणी माथ्यांची उलटी पडलेली प्रतिबिंबे, आणि वरून ठरावीक वेळाने उतरणारा घंटांचा आवाज. शहर हेच या कथेतले एक मुख्य पात्र आहे, असे लेखकाने प्रस्तावनेतच सांगून टाकले आहे. आणि ते नुसते सांगून तो थांबला नाही, तर पहिल्या आवृत्तीत त्याने ब्रूजची छायाचित्रेही घातली. पुढे अनेक आवृत्त्यांनी ती गाळली किंवा बदलली. मला हे चुकीचे वाटते. ती चित्रे जवळजवळ निर्मनुष्य आहेत, आणि त्या निर्मनुष्यतेबद्दल मला पुढे बोलायचे आहे.

गर्दीला कंटाळून मी ग्रोनेरेई या कालव्याच्या काठाने चालू लागलो, तेथून स्पीगेलरेई आणि मग उत्तरेकडे पॉटेरीरेई. नावा तिकडे दिसेनाशा झाल्या. एका बाजूला संथ पाणी, दुसऱ्या बाजूला बुटकी घरे, मधल्या दगडी वाटेवर मी एकटा. आणि खरे सांगतो, रोदेनबाखचे वर्णन तेथे अक्षरशः पटले. समोरचे घर खरे की पाण्यातले, असा क्षणभर भ्रम पडावा इतके ते पाणी निश्चल होते. मूळ आणि प्रतिबिंब यांतला फरक पुसून टाकण्याची जी ओढ यूगला आहे, ती त्याला या पाण्याने शिकविली आहे. पत्नी गेली, पण तिच्यासारखी दिसणारी आली, म्हणजे ती गेलीच नाही, असा त्याचा हिशेब आहे. कालव्याच्या काठाने पाच वर्षे रोज चालणाऱ्या माणसाला हा हिशेब बरोबर वाटावा, यात नवल नाही. कथानकातला भडकपणा मी या पाण्यासाठी माफ करतो.

परंतु एक प्रसंग मला माफ करता येत नाही; किंवा असे म्हणू, त्या प्रसंगी मला स्वतःलाच माफ करता येत नाही. यूग पत्नीचे जुने पोशाख घेऊन जेनकडे जातो आणि ते घालून दाखव म्हणतो. जेनला त्या जुन्या तऱ्हेच्या कपड्यांची गंमत वाटते. ती ते अंगावर चढवते, आरशासमोर मिरवते, हसते. आणि यूगच्या मनात तेथे काहीतरी कायमचे तुटते. माझी पत्नी जाऊन तीन वर्षे झाली. तिची एक अंजिरी नऊवारी मुलीने गेंटला नेली होती. गेल्या गणपतीत माझ्या नातीने ती कशीबशी नेसली आणि दारात उभी राहून विचारले, “आजोबा, कशी दिसते मी?” मी म्हणालो, “काढ ती.” एवढेच म्हणालो. पोरीचा चेहरा उतरला. हे पुस्तक मी त्यापूर्वी एकदा वाचले होते आणि यूगला मनातल्या मनात मूर्ख ठरवून मोकळा झालो होतो.

म्हणून या खेपेस मी ते जेनच्या बाजूने वाचले. तेव्हा ध्यानात आले की, लेखकाने तिला ही बाजू दिलेलीच नाही. ती उथळ आहे, लोभी आहे, खोटे बोलते. हे सारे आपल्याला सांगितले जाते. पण पेटीतली वेणी कोणाची हे तिला माहीत नाही, आणि माहीत करून देण्याची तसदी यूग कधी घेत नाही. तिचा खरा अपराध एवढाच की ती हसते. रोदेनबाखला हे कळले होते की नाही, यावर मी कालव्याच्या काठी बराच विचार केला. मला वाटते, अर्धे कळले होते.

उरलेले अर्धे कळले नाही याचा पुरावा पुस्तकाबाहेर आहे, आणि तो ब्रूजचा इतिहास. या गावाला मरण आले ते चिखलाने. ११३४ सालच्या समुद्री वादळाने झ्विन नावाची खाडी उघडली आणि ब्रूज भरभराटले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस ती गाळाने भरत गेली आणि व्यापार अँटवर्पकडे वळला. मागे राहिली ती सुंदर घरे आणि गरिबी. एकोणिसाव्या शतकात येथल्या बायका दिवसभर मांडीवर उशी घेऊन लेस विणीत असत, आणि ती विणून पोट भरत नसे. सेंट ॲना भागातल्या ज्या बुटक्या घरांवरून मी गेलो ती अशाच लोकांची. रोदेनबाखला त्या घरांवरचा चुना दिसला, शांतता दिसली; आतले रिकामे भांडे दिसले नाही. दुःखी माणसाला असेच दिसते, हे मी आता अनुभवाने सांगू शकतो.

ब्रूजच्या लोकांनी मात्र मेलेले राहण्याचे नाकारले. समुद्रापर्यंत नवा कालवा खणून झेब्रुग्ग हे बंदर त्यांनी बांधले. १९०७ साली ते रीतसर खुले झाले. रोदेनबाखला ही कल्पना मुळीच रुचली नव्हती. १८९७ सालच्या ‘ल कारियोनर’ या कादंबरीत त्याने या बंदराला विरोध करणारा नायक उभा केला, आणि त्याला शेवटी घंटेत गळफास लावून घ्यायला लावले. म्हणजे यूगने जेनचे जे केले, तेच लेखक ब्रूजचे करू पाहत होता: तू हलू नकोस, हसू नकोस, माझ्या आठवणीसारखी राहा. गावकऱ्यांनी त्याचा राग धरला. १८९८ साली तो पॅरिसला वारला. त्याचे स्मारक १९०३ मध्ये उभे राहिले ते गेंटला, ब्रूजला नव्हे. मुलीच्या घरापासून ते फार लांब नाही; मी ते पाहून आलो. गंमत अशी की, ‘मृत’ शहर पाहायला म्हणूनच पुढे माणसे ब्रूजला लोटली, आणि आज त्या गावाचा मोठा चरितार्थ त्यांच्यावर चालतो.

या कथेवर एरिख कोर्नगोल्डने ऑपेरा रचला; १९२० साली तो रंगभूमीवर आला तेव्हा तो अवघा तेवीस वर्षांचा होता. त्यात शेवटी कळते की खून हे स्वप्न होते. नायक जागा होतो आणि गाव सोडून जायचे ठरवतो. प्रेक्षकाला हायसे वाटते. पण मला कादंबरीचाच शेवट अधिक प्रामाणिक वाटतो. तेथे यूग प्रेतापाशी बसून गावाचे नाव पुटपुटत राहतो, आणि खाली मिरवणूक परतत असते. ज्याने असे प्रेम केले त्याला इतक्या स्वस्तात जाग येऊ देणे मला पटत नाही.

परतताना अंधार पडला होता. पॉटेरीरेईवरच्या एका खिडकीत दिवा लागला आणि पाण्यातही लागला. खिडकीतल्या बाईने मला पाहिले, मी तिला पाहिले, आणि तिने पडदा ओढून घेतला. परक्या माणसाने दारासमोर किती वेळ उभे राहावे!

रात्री घरी पोचल्यावर मी नातीला म्हणालो, “ती साडी पुन्हा नेस, मी निऱ्या धरतो.” ती गृहपाठ करीत होती. वर न पाहता म्हणाली, “आता नको, आजोबा. फार जड आहे ती.”