थोरली पाती, धाकटी पाती आणि एकटा हंस

कुमार गंधर्वांवरील मराठी लेखनात देवास हे गाव एका ठरावीक चित्रासह येते. टेकडीचा पायथा, वस्तीपासून दूर असलेले लहानसे घर, बोलण्याचीही मनाई असलेला आजारी तरुण गवई, आणि वाऱ्याबरोबर कानी पडणारी एखाद्या माळवी बाईची किंवा भिक्षेकऱ्याची लकेर. या लकेरीतून नवे गाणे जन्माला आले, असे आपण कित्येक दशके सांगत आणि ऐकत आलो आहोत. चित्र मोहक आहे आणि त्यातील बराचसा तपशील खराही आहे. पण त्या चित्रात गाव नाही. घर आहे, खाट आहे, टेकडी आहे; मात्र देवास नावाच्या नांदत्या, भांडत्या, गाण्याला सरावलेल्या गावाचा त्यात मागमूस नाही. जब्बार पटेलांनी कुमारांवर केलेल्या माहितीपटाचे नावदेखील ‘हंस अकेला’ असे आहे. ते नाव कुमारांच्या लोकप्रिय निर्गुणी भजनावरून आले आहे, हे मान्यच. तरीही आपल्या मनातील प्रतिमेशी ते किती सहज जुळले, याची नोंद घ्यावीशी वाटते.

प्रथम जे निर्विवाद आहे ते सांगून टाकू. शिवपुत्र कोमकळी १९२४ साली बेळगाव जिल्ह्यात जन्मले, मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकले, १९४७ मध्ये भानुमती कंस यांच्याशी विवाहबद्ध झाले आणि क्षयाने गाठल्यावर जानेवारी १९४८ मध्ये कोरड्या हवेसाठी देवासला आले. तेव्हा त्यांनी वयाची चोविशीही गाठली नव्हती. पुढची पाच-सहा वर्षे गाणे बंद होते. भानुमतीबाईंनी गावातल्या शाळेत नोकरी धरली आणि संसार चालवला. नवे औषध आले, प्रकृती सुधारली आणि गाणे परतले, ते वेगळे होऊन. १२ जानेवारी १९९२ रोजी मृत्यू येईपर्यंत कुमारांनी देवास सोडले नाही.

आता गावाकडे वळू. माळव्यातील पवारांच्या राज्यांत धार एका शाखेकडे आणि देवास दोन भावांकडे, तुकोजी आणि जिवाजी यांच्याकडे गेले. या दोघांच्या वंशजांची थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने झाली, पण राजधानी एकच राहिली. एका गावात दोन महाराज, दोन राजवाडे, दोन दरबार, दोन कारभार. मुख्य रस्त्याच्या एका बाजूचा पाणीपुरवठा व दिवाबत्ती एका संस्थानाची, तर दुसऱ्या बाजूची दुसऱ्याची. विसाव्या शतकाच्या आरंभी या गावाची वस्ती होती जेमतेम पंधरा हजारांच्या आसपास. टेकडीवरही तुळजाभवानी आणि चामुंडा अशा दोन देवी आहेत; लोक त्यांना थोरली माता आणि धाकटी माता म्हणतात, बहिणी मानतात आणि त्यांच्यातील रुसव्याची कथाही सांगतात. जिथे देवींनाही भाऊबंदकी चुकली नाही तिथे गवयांना, कीर्तनकारांना आणि मूर्तिकारांना ती कशी चुकणार! एका दरबारात उत्सव झाला की दुसऱ्याला स्वस्थ बसता येत नसे. या चढाओढीची किंमतही मोठी होती. थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव कर्जाच्या ओझ्याखाली १९३३च्या अखेरीस पाँडिचेरीला निघून गेले आणि १९३७ साली तेथेच वारले. संस्थानी वैभवाचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. पण दीड-दोनशे वर्षे दोन दारांशी गाणे ऐकायला मिळालेल्या गावाचे कान कसे घडतात, हा प्रश्न समीक्षेचा आहे आणि तो आपण कधी विचारलेला नाही.

या दोन पात्यांचा सर्वांत प्रसिद्ध साक्षीदार इंग्रज आहे. ई. एम. फॉर्स्टर १९१२-१३ मध्ये देवासला येऊन गेला आणि १९२१ साली तिसऱ्या तुकोजीरावांचा खासगी कारभारी म्हणून राहिला. त्याच्या पत्रांचे पुस्तक ‘द हिल ऑफ देवी’ १९५३ साली निघाले. माणूस प्रेमळ, महाराजांवर त्याचा खरा जीव. पण गाण्याच्या बाबतीत तो भरवशाचा साक्षीदार नव्हे. राजवाड्यातील गोकुळाष्टमीचे त्याने केलेले वर्णन वाचताना जाणवतो तो गोंगाट, गर्दी, फुले, लोणी आणि एकाच वेळी चाललेली अनेक वाद्ये. हाच अनुभव ‘अ पॅसेज टु इंडिया’च्या (१९२४) शेवटच्या भागात आला आहे आणि तेथे भजनी मंडळींच्या तोंडी तुकारामाचे नाव आहे. जगभरच्या वाचकांनी ती कादंबरी वाचली. माळव्यातल्या एका मराठी दरबारात तुकोबांचा गजर चालतो, ही गोष्ट आपल्याकडच्या किती वाचकांच्या ध्यानी आली? फॉर्स्टरला त्या गजरात संगीत ऐकू आले नाही, पण कोण कोणाला हाक मारते आहे ते अचूक समजले. आपल्या समीक्षकांना संगीत ऐकू आले. गजर करणारे दिसले नाहीत. दोन्ही साक्षी जोडून वाचल्या तर गावाचे काहीसे पुरे चित्र तयार होते.

या गावात उस्ताद रजब अली खाँ राहत होते. बीनकार बंदे अली खाँ यांच्याकडून त्यांनी बीनेची तालीम घेतली होती आणि कोल्हापुरात अल्लादिया खाँ यांचे गाणे ऐकले होते. अनवट व जोड रागांवर त्यांची हुकमत. तान वेगवान, वक्र, ऐकणाऱ्याला चकवणारी. १९५४ साली संगीत नाटक अकादमीने त्यांना गौरविले आणि जानेवारी १९५९ मध्ये ते देवासातच निवर्तले. म्हणजे १९४८ ते १९५९ अशी अकरा वर्षे हे दोन गवई एकाच लहान गावात होते. एक सत्तरी ओलांडलेला, संस्थानी काळाचा, परंपरेच्या पूर्ण अधिकाराने बोलणारा. दुसरा पंचविशीचा, गळ्यावर बंदी असलेला, घराण्यांच्या चौकटींविषयी मनात शंका घेऊन बसलेला. कुमारांचे गुरू देवधर यांनी ‘थोर संगीतकार’मध्ये रजब अली खाँवर लिहिले आहे. शिष्यावरील लेखनाचा तर आपल्याकडे ढीग आहे. पण ही दोन प्रकरणे एकमेकांशेजारी ठेवून वाचण्याचे आपल्याला सुचले नाही.

ठेवली तर काय दिसते? माझे मत असे की, कुमारांच्या प्रौढ गायकीतील आखूड, अचानक झेपावणारे स्वरसमूह आणि मध्येच सोडलेल्या जागा रिकाम्या पोकळीत जन्मलेल्या नाहीत. तानेची भरगच्च वीण ज्या श्रोत्यांच्या अंगवळणी पडली होती, त्यांच्यासमोर ती वीण उसवून दाखवण्याला अर्थ होता. जेथे कोणी काही अपेक्षितच नसतो तेथे अपेक्षाभंगाला काय मोल? कुमार खाँसाहेबांना उद्देशून गात होते, असे सुचवण्याचे धाडस मी करणार नाही. तसा पुरावा नाही आणि त्याची गरजही नाही. दोन कलावंतांतील चढाओढ प्रत्यक्ष मैफलीत समोरासमोर व्हावी लागत नाही. एकाच गावचे श्रोते दोघांना ऐकतात, तुलना करतात, पानाच्या दुकानावर वाद घालतात, एवढे पुरते.

शिवाय इंदूर पस्तीस-चाळीस किलोमीटरवर. उस्ताद अमीर खाँ यांचे वडील, सारंगीवादक शाहमीर खाँ, यांच्या इंदूरच्या घरी शुक्रवारी बैठक भरे आणि तिथे येणाऱ्यांत रजब अली खाँही असत. खाँसाहेबांचे शिष्य कृष्णराव मुजुमदार इंदूरचे. त्यांचे पुतणे अमानत खाँ ‘देवासवाले’ मुंबईला गेले आणि त्यांनी लता मंगेशकरांना शिकवले. पुढच्या पिढीत रामूभैया दाते यांच्यासारखा रसिक, ‘नई दुनिया’चे संपादक राहुल बारपुते, चित्रकार विष्णू चिंचाळकर, नाटकवाले बाबा डिके अशी मंडळी कुमारांच्या भोवती होती. गाणे, चित्र, वृत्तपत्र आणि रंगभूमी यांची ही ऊठबस. मराठी घरांतून आलेली, हिंदीत लिहिणारी-बोलणारी ही माणसे पुणे-मुंबईच्या नकाशावर बसत नाहीत, म्हणून कुमारांच्या चरित्रात त्यांची जागा ‘स्नेही’ या एका शब्दात आटोपते.

देवासला एकांताची दंतकथा लाभली, तर धारेला नेमकी उलटी. बल्लाळाच्या ‘भोजप्रबंधा’त धारेच्या दरबारी कालिदास, बाण, भवभूती असे सारे कवी एकत्र बसतात, एकमेकांवर कुरघोडी करतात आणि श्लोकागणिक लक्ष मोहरा घेऊन जातात. हे कवी निरनिराळ्या शतकांतले, भोजाच्या आधीचे. पण लोकांना दरबार भरलेलाच हवा होता. कवितेला स्पर्धक आणि श्रोता लागतो, ही जाण त्या भाबड्या ग्रंथात आहे. मात्र आधुनिक काळातील धार आपण साफ विसरलो. शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके वसईचे. संस्थानच्या कामासाठी धारेला गेले आणि १९७२ साली मृत्यू येईपर्यंत तेथलेच झाले. १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गिरगाव चौपाटीवरील लोकमान्यांचा पुतळा त्यांचा. तो पाहणाऱ्यांपैकी कितीजणांना धार आठवते? फडक्यांचे ‘प्रवचन’ हे शिल्प तर ऐकणाऱ्यांचे शिल्प आहे. एका गर्दीचा अभ्यास करणारा हा कलावंत धारेत स्थिरावला, हे मला अर्थपूर्ण वाटते. पण तो विषय स्वतंत्र लेखाचा.

माळव्यात चढाओढ हा दुर्गुण मानला जात नाही, तो कलेचा एक प्रकारच आहे. उज्जैनच्या माचात निरनिराळ्या गुरूंचे आखाडे असत. गोपाळजी गुरू, बालमुकुंद गुरू, काळूराम उस्ताद ही नावे आखाड्यांसह सांगितली जातात. तुर्रा-कलंगी तेथेही आहे, आणि आपल्या शाहिरांच्या कलगी-तुऱ्याशी तिचे नाते उघड आहे. निर्गुणी भजनांची स्थिती याहून सौम्य, तरी वेगळी नाही. ही भजने माळव्यात एकट्याने गायची गोष्टच नव्हे. तंबुरा, मंजिरा, ढोलक, करताल घेऊन मंडळी बसते. बहुधा दलित वस्तीतली, दिवसभर शेतात किंवा मजुरीवर राबलेली माणसे. आणि रात्रभर भजन चालते. देवासातील ‘एकलव्य’ या संस्थेने १९९०च्या दशकात ‘कबीर भजन एवं विचार मंच’ चालवला. दर महिन्याच्या दोन तारखेला गावोगावच्या मंडळ्या येत, आपापले कबीर गात आणि त्या कबिरावर वादही घालत. जातीचे काय, गुरूचे काय, पूजेचे काय, असे प्रश्न भजनाच्या मधोमध उभे राहत. एका मंडळीचे पद दुसरीने उचलावे, चाल बदलावी, एखादी ओळ आपल्याकडे वेगळी आहे म्हणून अडून बसावे, हे अशा बैठकींचे स्वाभाविक वळण. लिंडा हेस यांनी ‘बॉडीज ऑफ साँग’ (२०१५) या ग्रंथात या मंचाविषयी विस्ताराने लिहिले आहे. मराठीत असे लेखन मला आढळलेले नाही.

देवासात शीलनाथांची धुनी आहे आणि नाथपंथीयांचे हे भजन कुमारांच्या निर्गुणी गायनामागे आहे, हे सर्वमान्य आहे. मग कुमारांचे निर्गुण ऐकताना आपण जे अनुभवतो ते नेमके काय? एक आवाज, दोन तंबोरे, भोवती अवकाश. मंडळीचे समूहगान त्यांनी एका गळ्यात आणले. टाळ, झील हे सारे गाळून फेक आणि पोकळी तेवढी ठेवली. ही केवढी मोठी कलात्मक कृती आहे! पण ती कृती आहे, सापडलेली वस्तू नव्हे, हे कळण्यासाठी मंडळी काय गाते ते आधी माहीत असावे लागते. जे गाळले ते ज्याला ठाऊक नाही, त्याला गाळणाऱ्याचे धैर्य दिसत नाही. त्याला वाटते, माळव्यात हे असेच गातात. म्हणजे एकांताच्या दंतकथेने गावाचे नाव पुसलेच, पण कुमारांच्या निर्मितीचेही मोल कमी केले. शबनम विरमानी यांनी २००८च्या सुमारास कुमार आणि कबीर यांवर चित्रपट केला, त्याचे नाव ‘कोई सुनता है’. त्यात माळव्यातील भजनीक आणि शास्त्रीय गवई शेजारी शेजारी येतात. दोन माहितीपटांची ही दोन नावे मला दोन समीक्षापद्धतींची नावे वाटतात.

यावर आक्षेप येईल की, आजारपणातील एकटेपण खरे होते. ज्याला महिनोन्‌महिने बोलता येत नाही त्याच्याभोवती कितीही गाव असले तरी तो एकटाच. हा आक्षेप मी मानतो. त्या वर्षांतील ऐकण्याची तीव्रता कोणत्याही दरबाराने वा मंडळीने दिलेली नाही. पण ऐकणाऱ्याला ऐकू यावे असे कोणी तरी गात होते. ‘अनूपरागविलास’ (१९६५) या ग्रंथातल्या धुनउगम रागांच्या मागे लोकधुना आहेत आणि त्या धुना लग्नात, सणात, दळताना, पेरणीत गाणाऱ्या बायकांच्या आहेत. रागाला नाव मिळाले, रचनाकाराला नाव मिळाले. धुनेला नाव नसते, हे लोकसंगीताचे लक्षण म्हणून आपण सोडून देतो. लक्षण म्हणून ते ठीक आहे. समीक्षकाची सबब म्हणून ठीक नाही.

हीच गोष्ट घरातही घडली. १९६१ साली भानुमतीबाई गेल्या. १९६२ मध्ये कुमारांचा विवाह वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी झाला. वसुंधराताई देवधरांकडे शिकलेल्या, स्वतः मैफल करणाऱ्या. २००६ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१५ साली देवासातच त्यांचे निधन झाले. ‘भानुकुल’मध्ये त्यांनी कलापिनी, भुवनेश आणि इतर अनेकांना शिकवले. कुमारांच्या द्वंद्वगीतांच्या व ऋतुसंगीताच्या ध्वनिमुद्रणांत दुसरा आवाज त्यांचा आहे. तो आवाज कुमारांच्या आवाजाला उत्तर देतो, कधी अडवतो, कधी पुढे निघून वाट पाहतो. आपल्या परीक्षणांत मात्र त्याची नोंद आजही ‘साथ’ एवढ्या एका शब्दात होते.