भिंतीवरची वाकळ

गेल्या दिवाळींत अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत एका स्नेह्यांच्या घरीं ओसरीवर टांगलेली एक वाकळ मीं पाहिली. त्यांच्या सुनेनें ती शिवली आहे. विषय भंडारदऱ्याचा: पुढें जलाशय, मागें कळसूबाईची रांग, वर पावसाळी आभाळ. कापड तिनें घरींच रंगविलें. मंडळींनीं माझें मत विचारलें, तेव्हां मी गुळमुळीत बोललों. तें ऋण येथें फेडतों.

आभाळ निळीचें आहे. निळीच्या पिंपांतून काढलेलें कापड प्रथम हिरवट-पिवळें दिसतें आणि हवा लागतांच डोळ्यांदेखत निळें होतें. या बाईंनीं तें घड्या घालून बुडविलें, त्यामुळें घडीच्या आंत रंग पोंचला नाहीं व फिकट चिरा राहिल्या. एखादा रंगारी हा दोष मानील. येथें त्याच चिरांच्या पावसाच्या सरी झाल्या आहेत. डोंगर त्याहून सरस. हिरड्याच्या काढ्यांत भिजवून, मग लोखंड व गूळ आंबवून केलेल्या पाण्यांतून काढलेलें कापड करडें-काळें होतें. हिरडा या सह्याद्रीवरचाच. १६४६ मीटर उंचीचा कातळ त्याच्याच अंगावरील फळानें रंगवावा, ही कल्पना मला फार आवडली.

जलाशयाशीं मात्र बाईंचा धीर सुटला. पाणी चमकलें पाहिजे म्हणून तेथें बाजारचें साटिन आलें, त्यावर रेशमाची होडी आली, आणि होडी आली म्हणजे बगळे ओघानेंच आले! जिनें घडीच्या चुकीवर पाऊस सोंपविला, तिनें पाण्यासाठीं कापडावर विश्वास ठेवूं नये, याचें नवल वाटतें. दुसरी उणीव टांक्यांची. धावदोरा वाकळीचे थर धरून ठेवतो, आणि तोच तिला नांगरटीसारख्या सऱ्या देतो. उत्तर कन्नडांतील सिद्दी स्त्रिया आपली कवंदी काठापासून आंत आंत शिवत नेतात. त्या ओळींनींच तिला रूप येतें. येथें टांके केवळ आकृतींच्या कडेनें फिरले आहेत, म्हणून डोंगर सपाट पडला.

वाकळ अंथरण्यासाठीं, भिंतीसाठीं नव्हे, असा एक आक्षेप मी ऐकला. मला तो तितकासा पटत नाहीं. अमेरिकेंतील अलाबामामधील जीज् बेंड या वस्तीच्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या २००२ सालीं ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयांत भिंतींवर लागल्या, आणि पाहणाऱ्यांना त्यांत चित्रकला दिसली. परंतु त्या आधीं बिछान्यावर वापरल्या जात, जुन्या कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या असत, हेंही खरें. आमच्या या चित्रांत एकच तुकडा वापरलेला आहे. डोंगराच्या पायथ्याची हिरवी पट्टी सासूबाईंच्या जुन्या नऊवारीची. तें लुगडें फाडूं देतांना त्या नाराज होत्या म्हणे. धुऊन धुऊन विरलेला तो हिरवा मीं पुन्हां पुन्हां पाहिला. नव्या रंगविलेल्या कापडांत तसा एकही नाहीं.

भातखाचरांचा पिवळा पळसाच्या फुलांचा आहे, आणि तो उन्हाला टिकत नाहीं. ओसरीवर दुपारचें ऊन थेट येतें. एक कोपरा आतांच उतरला आहे. वाकळ माजघरांत हलवावी, असें मीं सुचविलें. सूनबाई लगेच शिडी आणावयास उठल्या. सासूबाई जागच्या हलल्या नाहींत.

“विटली तर विटूं द्या,” त्या म्हणाल्या, “मग अंथरूं.”