चेंडू हातात नसताना

बास्केटबॉलचा सामना ४० मिनिटांचा. मैदानात खेळाडू १०, चेंडू एकच. सरळ भागाकार केला तर एकेकीच्या वाट्याला चेंडू येतो जेमतेम ४ मिनिटं. उरलेली ३६ मिनिटं ती मुलगी काय करते, हे पाहायची सवय लागली की या खेळाची गोडी लागते, आणि एकदा लागली की सुटत नाही. जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांतल्या मुलींचे सामने मी वर्षानुवर्षं याच नजरेने पाहत आले आहे. गुण कुणाचे किती झाले हे बोर्डावर कुणालाही वाचता येतं. रस आहे तो त्या गुणांच्या आधीच्या काही सेकंदांत, आणि ते सेकंद बहुतेक वेळा चेंडू हातात नसलेल्या मुलींचे असतात.

खानदेशात हा हंगाम पावसाळा ओसरला की सुरू होतो. आधी आंतरमहाविद्यालयीन सामने, मग आंतरविभागीय, त्यातून विद्यापीठाच्या संघाची निवड, निवड झालेल्या मुलींचं सराव शिबिर, आणि मग पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा. तिथे गुजरात, राजस्थान, गोव्याचे संघ समोर येतात. राज्यातल्या विद्यापीठांचा 'अश्वमेध' क्रीडा महोत्सव वेगळा. त्यातही बास्केटबॉल आहेच. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झालं, त्याआधी इथली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. म्हणजे पारोळ्याच्या किंवा शिरपूरच्या मुलीला विद्यापीठाची जर्सी हवी असेल तर पुण्याच्या मुलींशी स्पर्धा करून ती मिळवायची. स्वतःचं विद्यापीठ झालं आणि जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मुलींना स्वतःचा संघ मिळाला. एरवी एकमेकींना पाडायला टपलेल्या जळगावच्या आणि धुळ्याच्या मुली निवडीनंतर एकाच बाकावर बसतात, एकाच बाटलीतलं पाणी पितात. त्यांच्यात जमायला लागलेला ताल शिबिरात रोज थोडा थोडा ऐकू येतो. निष्ठावान प्रेक्षकासाठी हंगामातला हा सगळ्यात गोड काळ.

मैदान २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर. मुलींचा चेंडू सहा नंबरचा, पुरुषांच्या सात नंबरच्या चेंडूपेक्षा थोडा लहान आणि हलका. ही मापं जगभर सारखीच. पण आपल्याकडे बरेचसे सामने उघड्यावर, सिमेंटच्या कोर्टवर होतात, आणि त्यामुळे खेळाला इथला स्वभाव येतो. ऑक्टोबरचं ऊन चार वाजताही डोळ्यांत शिरतं, म्हणून कोणत्या बाजूला खेळायचं याची चर्चा रंगते. वारा सुटला तर लांबचे शॉट भरकटतात, मग मुली आत घुसून बोर्डाला लावून टाकायचं ठरवतात. सिमेंटवर पडलं की गुडघा सोलवटतो, तरी चेंडूसाठी झेप घ्यायची ती घेतातच. पायऱ्यांवर मैत्रिणी, भाऊ, गावाकडून आलेल्या आया, हातगाडीवरचे चणे-फुटाणे. फास्ट ब्रेक, म्हणजे वेगाची प्रतिचढाई, सुरू झाला की मागून अहिराणीत हाक येते, "पोरी, पय, पय!" आणि पोरगी खरंच पळते.

आता एकच चाल जवळून पाहू. बास्केटबॉलमध्ये चेंडू ताब्यात आल्यापासून २४ सेकंदांत शॉट घ्यावा लागतो, त्यातल्या पहिल्या ८ सेकंदांत चेंडू अर्ध्या रेषेपलीकडे न्यावा लागतो. बऱ्याच मैदानांवर हे २४ सेकंदांचं घड्याळ बोर्डाजवळ नसतं. टेबलावर बसलेला वेळाधिकारी मोजतो आणि मुलींना तो वेळ अंगातच मोजावा लागतो. जळगावच्या संघाची चाल आहे. समोर धुळ्याच्या मुली झोन लावून उभ्या आहेत, दोघी पुढे, तिघी मागे. जळगावची सात नंबर चेंडू घेऊन येते. मान वर, नजर पुढे, हात खाली ड्रिबल करतोय आणि डोळ्यांना त्याची खबर नाही. अर्धी रेषा ओलांडताच ती डावी मूठ वर करते. ही खूण चौघींना पुरते.

पाच नंबर उजव्या कोपऱ्यात, तीन गुणांच्या कमानीबाहेर जाऊन उभी राहते. नुसती उभी. हात मात्र छातीसमोर तयार. बारा नंबर, संघातली उंच मुलगी, रिंगखालून निघून फ्री थ्रोच्या रेषेवर येते. रिंगसमोरच्या रंगवलेल्या पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही, त्यामुळे तिचं येणं-जाणं सतत मोजूनमापून चालतं. सात नंबरचा पास तिच्या हातात येतो. ती तो डोक्यावर धरते आणि कोपऱ्यातल्या पाच नंबरकडे पाहते. धुळ्याची मधली बचावपटू तिला अडवायला एक पाऊल वर येते. उजवीकडची बचावपटू पाच नंबरकडे सरकते, कारण पहिल्या सत्रात याच कोपऱ्यातून पाच नंबरने दोनदा तीन-तीन गुण घेतलेत. डावीकडच्या बचावपटूसमोर दहा नंबर पाय रोवून, हात छातीशी घेऊन तिची वाट अडवते, म्हणजे स्क्रीन लावते. आणि या सगळ्या वेळात नऊ नंबर शेवटच्या रेषेला लागून, कुणाचं लक्ष नाही असं पाहून, रिंगखाली पोचलेली असते. बारा नंबरची नजर अजूनही कोपऱ्यातच आहे. चेंडू मात्र जमिनीवर एक टप्पा घेऊन नऊ नंबरच्या हातात. बोर्डाच्या चौकोनावर हलकेच लावलेला लेअप. दोन गुण.

टाळ्या नऊ नंबरला. तिच्या वाट्याच्या आहेतच त्या. पण चाल पुन्हा मनात फिरवून पाहावी. दहा नंबरने चेंडूला हात लावला नाही. पाच नंबर तर कोपऱ्यातून हललीही नाही. तरी ती तिथे उभी नसती तर उजवीकडची बचावपटू रिंगखालीच राहिली असती आणि नऊ नंबरच्या हातातला चेंडू तिने उडवला असता. तिच्या उभं राहण्याला वजन आलं ते आधीच्या दोन शॉटांमुळे, आणि त्या शॉटांना नेम आला तो रोज संध्याकाळी सगळे गेल्यावर त्याच कोपऱ्यातून मारलेल्या शेकडो चेंडूंमुळे. बारा नंबरने नजरेने एक सांगितलं, हाताने दुसरं केलं. दोन गुणांच्या मागे पाच जणींचा असा जमाखर्च असतो.

आता टेबलावरचं गुणपत्रक पाहा. धावत्या गुणांच्या रकान्यात एक तिरकी रेघ मारली जाते आणि शेजारी आकडा लिहिला जातो, ९. फ्री थ्रोचा गुण असेल तर भरीव ठिपका. तीन गुणांचा शॉट असेल तर खेळाडूच्या नंबराभोवती गोल. कुणाचे किती फाउल झाले, टाइम आउट कधी घेतला, सगळ्याची नोंद तिथे आहे. पासासाठी रकाना नाही. स्क्रीनसाठी नाही. कोपऱ्यात उभं राहण्यासाठी तर नाहीच नाही. मोठ्या व्यावसायिक स्पर्धांत वेगळी माणसं संगणकावर पास आणि रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू, मोजत बसतात. आमच्या कॉलेजच्या मैदानावर ते काम पायऱ्यांवर बसलेल्या प्रेक्षकाच्या डोळ्यांनी करायचं असतं.

बचावात तर नोंद न होणारं काम अधिकच. रिबाउंडसाठी उंची लागते असं वाटतं, पण सगळ्यात चांगली रिबाउंड घेणारी मुलगी बऱ्याचदा मध्यम उंचीची असते. शॉट सुटताच बाकीच्यांचे डोळे चेंडूकडे जातात, ती मात्र आधी आपल्या प्रतिस्पर्ध्याला शोधते, तिच्याकडे पाठ करते, कंबर खाली घेते आणि तिला रिंगपासून दूर ठेवते. याला बॉक्स आउट म्हणतात. कित्येकदा ती अशी एकीला अडवून धरते आणि चेंडू तिची मैत्रीणच आरामात उचलते. दुसरं धाडस चार्ज घेण्याचं. समोरून मुलगी पूर्ण वेगाने रिंगकडे येतेय, आणि आपली मुलगी तिच्या वाटेत दोन्ही पाय टेकवून उभी राहते. धडक छातीवर. सिमेंटवर पाठ आपटते. पंचांची शिट्टी वाजते, फाउल समोरच्या मुलीवर. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर, त्यामुळे समोरच्या संघाची चांगली खेळाडू अशा एका धडकेने बाकावर जाऊ शकते. पडलेली मुलगी उठते तेव्हा तिला उचलायला चौघी धावतात.

मुलींचा बास्केटबॉल जन्मला तोच कॉलेजात. १८९१च्या डिसेंबरात जेम्स नाइस्मिथ यांनी अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला हा खेळ बेतला. पीचच्या टोपल्या आणि १३ नियम एवढ्यावर. जवळच्याच स्मिथ कॉलेजमधल्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका सेंडा बेरेनसन यांनी तो लगेच आपल्या विद्यार्थिनींना शिकवला, आणि २२ मार्च १८९३ रोजी तिथे पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलींचा सामना झाला. पुरुषांना पाहायला बंदी होती. बेरेनसन यांनी मैदानाचे तीन भाग पाडले, खेळाडूने आपला भाग सोडायचा नाही असं ठरवलं, हातातून चेंडू हिसकावायला मनाई केली, चेंडू तीन सेकंदांपेक्षा जास्त धरायचा नाही असा नियम केला. यात बायका नाजूक असतात ही त्या काळची समजूत होतीच, आणि पुढे मुलींनी ते कुंपण तोडलं हे उत्तमच झालं. पण चेंडू धरून ठेवायचा नाही, पुढे द्यायचा, हा धडा या खेळाच्या पहिल्याच पानावर लिहिला गेला. पुढे १९७६च्या माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये महिलांचा बास्केटबॉल आला. २०१७ मध्ये बेंगळुरूला आशिया चषकाच्या 'ब' विभागाच्या अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं. त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती. पुढे ती भारताची कर्णधार झाली. दोन गुणांच्या फरकाने जिंकलेल्या सामन्यात एकेक बॉक्स आउट, एकेक स्क्रीन किती मोलाची असते हे वेगळं सांगायला नको.

आमच्याकडच्या बऱ्याच मुली शाळेत खो-खो किंवा कबड्डी खेळून आलेल्या असतात. बास्केटबॉल त्यांच्या हातात अकरावीत नाहीतर कॉलेजच्या पहिल्या वर्षी येतो. त्यामुळे ड्रिबल सुरुवातीला कच्चं, पण पाय पक्के. खो-खोतली हूल इथे जशीच्या तशी उपयोगी पडते: खांदा डावीकडे, पाय उजवीकडे. कबड्डी खेळलेली मुलगी बचावात वाकून उभी राहते तेव्हा तिला हलवणं कठीण. अशी मुलगी पहिल्या वर्षी चेंडू मिळाला की घाबरून लगेच कुणाला तरी देऊन टाकते. दुसऱ्या वर्षी चेंडू मिळताच स्वतःच रिंगकडे सुटते. तिसऱ्या वर्षी ती चेंडू धरते, पाहते, आणि जिची जागा मोकळी आहे तिला देते. पहिल्या वर्षीही पास, तिसऱ्या वर्षीही पास. पण मधल्या काळात तिच्यात जे घडलं ते पाहायला मिळणं ही संघाच्या मागे निष्ठेने राहिल्याची कमाई आहे. एखादाच सामना पाहणाऱ्याला ती मिळत नाही.

कारण हा संघ दरवर्षी बदलतो. पदवी झाली की मुली जातात. कुणी पोलीस भरतीच्या तयारीला लागते, कुणी बी.पी.एड. करते, कुणी लग्न होऊन सुरतेला जाते. आंतरविद्यापीठ स्पर्धेला वयाची २५ वर्षांची मर्यादा, म्हणजे कुणीच फार काळ राहत नाही. राहते ती चाल. वर केलेल्या मुठीचा अर्थ सीनिअर मुली ज्युनिअरना शिकवून जातात, त्या पुढच्यांना. ज्या मुलीने ती खूण पहिल्यांदा ठरवली तिचं नाव आज खेळणाऱ्यांना ठाऊक नसेल, पण तिने आखलेल्या वाटेने नऊ नंबर अजून रिंगखाली पोचते.

या मुली ज्याच्यासाठी खेळतात त्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव मिळालं. जळगावजवळच्या आसोद्याची ही शेतकरी बाई लिहायला शिकलेली नव्हती. शेतात, घरात काम करता करता ती गात गेली. मुलगा सोपानदेव आणि घरच्या माणसांनी ऐकलं, टिपून ठेवलं, आणि तिच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये ती गाणी पुस्तकात आली. ऐकणारे जवळ होते आणि त्यांना त्या ओळींची किंमत कळली, म्हणून त्या महाराष्ट्राला मिळाल्या. तिचं नाव लावून खेळणाऱ्या मुलींना असेच जाणते प्रेक्षक मिळायला हवेत. मैदानावर जे घडतं त्यातलं अर्धंअधिक गुणपत्रकात जात नाही. ते पाहणाऱ्याने पाहायचं, आणि सामना संपल्यावर त्या मुलीला जाऊन सांगायचं: तुझी स्क्रीन पाहिली, तू कोपऱ्यात उभी होतीस म्हणून ते दोन गुण झाले. अशी दाद मिळालेली मुलगी पुढच्या सामन्यात पुन्हा पाय रोवून उभी राहते. येत्या हंगामात जळगावला किंवा धुळ्याला मुलींचा सामना असेल तर जरूर जा, रिंगच्या मागच्या बाजूला बसा, आणि पहिल्या सत्रात चेंडूकडे पाहूच नका. एकच मुलगी निवडा आणि तिची दहा मिनिटं पाहा. सामना तिथून दिसायला लागतो.